गेमिंग मॉनिटर

गेमिंग मॉनिटर हा संगणकीय खेळांतील जलद हालचाल स्पष्ट व विनाविलंब दिसावी या हेतूने बनवलेला संगणकाचा दृश्यपटल आहे. कार्यालयीन मॉनिटर दीर्घकाळ ६० हर्ट्झ या दराने चित्र नव्याने रेखाटत आले. गेमिंग मॉनिटरमध्ये हा दर साधारणतः १४४ हर्ट्झ किंवा त्याहून अधिक असतो. पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेग, आज्ञा आणि चित्र यांच्यातील अल्प विलंब आणि ग्राफिक्स कार्डाच्या गतीशी जुळवून घेण्याची क्षमता ही त्याची इतर लक्षणे होत.

घरगुती वापरात असा मॉनिटर क्वचितच केवळ खेळापुरता राहतो. त्याच पडद्यावर अभ्यास, लेखन, हिशेब, छायाचित्रे आणि चित्रपट यांचाही वापर होतो. खेळाला आवश्यक असलेले गुण आणि वाचन-लेखनाला आवश्यक असलेले गुण पुष्कळदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. त्यामुळे सर्व कामांना सारखाच उत्तम ठरणारा मॉनिटर आढळत नाही, आणि निवड ही कोणता गुण राखायचा व कोणता सोडायचा याची तडजोड ठरते.

== इतिहास ==

पडद्यावरील खेळ संगणकाच्या आरंभकाळापासून आहेत. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी 'टेनिस फॉर टू' हा खेळ ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाखवला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर!' हा खेळ तयार झाला. हे दोन्ही पडदे कॅथोड किरण नलिकेचे, म्हणजेच सीआरटी होते.

सीआरटी मॉनिटर जड, खोल आणि बरीच वीज घेणारे होते. मात्र त्यांत प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून विझत असल्याने हलती वस्तू रेखीव दिसे. २००० च्या दशकात सपाट एलसीडी मॉनिटरांनी त्यांची जागा घेतली. मेजावरची जागा वाचली आणि अक्षरे अधिक ठळक झाली, पण आरंभीचे एलसीडी ६० हर्ट्झवरच चालत आणि त्यांचे पिक्सेल सावकाश बदलत. ८५ किंवा १०० हर्ट्झच्या सीआरटीला सरावलेल्या खेळाडूंच्या दृष्टीने हालचालीच्या बाबतीत ही पीछेहाट होती.

२००९ मध्ये सॅमसंगचा 'सिंकमास्टर २२३३आरझेड' हा १२० हर्ट्झचा एलसीडी मॉनिटर बाजारात आला. एनव्हिडियाच्या त्रिमितीय चष्म्यासाठी तो बनवला होता. प्रत्येक डोळ्याला ६० हर्ट्झ मिळावे एवढाच त्या दराचा मूळ हेतू होता. त्रिमितीय चष्मे मागे पडले, परंतु चष्म्याविनाही खेळ अधिक सुरळीत दिसतो हे ध्यानात आल्याने उच्च रीफ्रेश दर टिकून राहिला. २०१२ च्या सुमारास १४४ हर्ट्झचे आणि २०२० मध्ये ३६० हर्ट्झचे मॉनिटर आले. २०२२ पासून ओएलईडी पॅनेलचे गेमिंग मॉनिटर अधिक प्रमाणात उपलब्ध होऊ लागले व २०२४ मध्ये अशा पॅनेलांनी ४८० हर्ट्झ गाठले.

== दोन वापरांच्या भिन्न गरजा ==

स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळात खेळाडूची नजर हलत्या लक्ष्यावर असते. तेथे रंग किंचित फिके असले तरी चालते. प्रतिमा पुसट होणे आणि विलंब मात्र चालत नाही. कथाप्रधान खेळ व चित्रपट यांत गडद दृश्यांची खोली, रंग आणि पडद्याचा आकार यांना महत्त्व येते. लेखन-वाचनात चित्र बहुतांशी स्थिर असते. तेथे अक्षरांची रेखीवता, सम प्रमाणात पसरलेला प्रकाश, पडद्याची उंची बदलण्याची सोय आणि तासन्‌तास पाहूनही डोळ्यांना होणारा कमी त्रास हे निकष ठरतात.

उत्पादकांच्या जाहिरातींत पहिल्या प्रकारच्या गुणांचे आकडे ठळकपणे दिलेले असतात, कारण ते मोजता व वाढवता येतात. दुसऱ्या प्रकारचे गुण, उदाहरणार्थ स्टँडची रचना किंवा पडद्याच्या कडेने झिरपणारा प्रकाश, वेष्टनावर फारसे आढळत नाहीत. मॉनिटर सामान्यतः संगणकाच्या इतर भागांपेक्षा अधिक वर्षे वापरात राहतो, त्यामुळे या दुसऱ्या गुणांची उणीव दीर्घकाळ जाणवते.

== पॅनेलचे प्रकार ==

एलसीडी पॅनेलमध्ये मागून येणारा प्रकाश द्रवस्फटिकांच्या थरातून जातो आणि विद्युत दाबाने स्फटिकांची दिशा बदलून तो कमी-अधिक केला जातो. स्फटिकांच्या मांडणीवरून पॅनेलचे तीन मुख्य प्रकार पडतात. ओएलईडी हा चौथा प्रकार तत्त्वतः वेगळा आहे.

'''टीएन:''' पिळलेल्या स्फटिकांची ही मांडणी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी विकसित केली. ती स्वस्त व जलद आहे, म्हणून आरंभीचे बहुतेक गेमिंग मॉनिटर टीएन होते. वरून, खालून किंवा बाजूने पाहिल्यास रंग बदलतात, अगदी समोर बसूनही पडद्याच्या वरच्या व खालच्या भागात छटेचा फरक जाणवतो. दैनंदिन वापरासाठी हा सर्वांत कमी सोयीचा प्रकार असून आयपीएस पॅनेल जलद झाल्यापासून त्याचा वापर घटला आहे.

'''आयपीएस:''' हिताची कंपनीने १९९६ मध्ये हा प्रकार आणला. यात स्फटिक पडद्याच्या प्रतलातच फिरतात, म्हणून कोनातून पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. मजकूर, छायाचित्रे व खेळ अशा मिश्र वापराला हा प्रकार अनुकूल आहे. त्याची उणीव म्हणजे मर्यादित कॉन्ट्रास्ट. उजळ व काळ्या बिंदूच्या तेजाचे गुणोत्तर साधारण १०००:१ एवढेच असल्याने अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो व कोपऱ्यांत धूसर झळाळी जाणवते.

'''व्हीए:''' यात विश्रांत अवस्थेत स्फटिक पडद्याला लंब उभे राहून मागचा प्रकाश चांगला अडवतात. कॉन्ट्रास्ट ३००० :१ किंवा त्याहून अधिक मिळतो, त्यामुळे चित्रपट व गडद दृश्यांचे खेळ उठून दिसतात. मात्र अनेक व्हीए पॅनेलांत काळ्यातून गडद राखाडीकडे होणारा बदल मंद असतो. अंधाऱ्या दृश्यात वस्तू हलली की तिच्यामागे काळी रेघ ओढल्यासारखी दिसते.

'''ओएलईडी:''' यात मागचा दिवा नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो व पूर्ण विझू शकतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा असतो. पिक्सेल एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळात बदलतात. हालचालीच्या स्पष्टतेत याची बरोबरी समान रीफ्रेश दराचा एलसीडी करू शकत नाही. याच्या मर्यादा दैनंदिन वापरात उघड होतात. पूर्ण पांढरे पान उघडल्यावर वीज व उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी पडद्याचे तेज उतरते. लाल, हिरव्या व निळ्या उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या सरळ पट्ट्यांची नसल्यास अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसते. दीर्घकाळ एकाच जागी राहणाऱ्या आकृत्यांचा कायमचा ठसाही उमटू शकतो.

'''मिनी-एलईडी''' हे स्वतंत्र पॅनेल नसून एलसीडीच्या मागील प्रकाशाची सुधारित रचना आहे. मागचे दिवे शेकडो किंवा हजारो विभागांत वाटून आवश्यक तेवढेच उजळले जातात. कॉन्ट्रास्ट वाढतो, ठसा उमटण्याची भीती नसते. परंतु काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या बाणाभोवती किंवा उपशीर्षकांभोवती प्रकाशाचे वलय दिसू शकते.

== आकार व रिझोल्यूशन ==

मॉनिटरचा आकार त्याच्या कर्णाच्या लांबीने इंचांत सांगतात. रिझोल्यूशन म्हणजे आडव्या व उभ्या पिक्सेलांची संख्या. चित्राची रेखीवता या दोहोंपैकी कोणत्याही एकावर नव्हे, तर दोहोंच्या मेळावर, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात यावर अवलंबून असते.

{| class="wikitable"
! कर्ण !! रिझोल्यूशन !! पडद्याची रुंदी (सुमारे) !! प्रति इंच पिक्सेल (सुमारे)
|-
| २४ इंच || १९२०×१०८० || ५३ सेंमी || ९२
|-
| २७ इंच || १९२०×१०८० || ६० सेंमी || ८२
|-
| २७ इंच || २५६०×१४४० || ६० सेंमी || १०९
|-
| २७ इंच || ३८४०×२१६० || ६० सेंमी || १६३
|-
| ३२ इंच || २५६०×१४४० || ७१ सेंमी || ९२
|-
| ३२ इंच || ३८४०×२१६० || ७१ सेंमी || १३८
|-
| ३४ इंच (रुंद) || ३४४०×१४४० || ८० सेंमी || ११०
|}

निर्दोष दृष्टीला साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखता येतो. या हिशेबाने प्रति इंच ९२ पिक्सेलांच्या पडद्यावरील पिक्सेल सुमारे ९५ सेंमीपलीकडून, १०९ पिक्सेलांच्या पडद्यावरील सुमारे ८० सेंमीपलीकडून, तर १६३ पिक्सेलांच्या पडद्यावरील सुमारे ५३ सेंमीपलीकडूनच दिसेनासे होतात. मेजाशी बसल्यावर डोळा व पडदा यांत साधारण ५० ते ७५ सेंमी अंतर असते. म्हणून २४ इंची १०८० रेषांच्या पडद्यावर अक्षरांच्या कडा किंचित दातेरी दिसतात, तर २७ इंची ३८४०×२१६० च्या पडद्यावर त्या छापील पानाच्या जवळ जातात. २७ इंची पडद्यावर १९२०×१०८० हे रिझोल्यूशन खेळाला चालून जाते, पण वाचनाला भरड वाटते.

देवनागरी मजकुरासाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. रोमन अक्षर प्रामुख्याने एका ओळीच्या उंचीत बसते; देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार आणि खाली उकार व ऋकार येतात, शिवाय जोडाक्षरे त्याच जागेत दाटीने बसतात. लहान आकारात व विरळ पिक्सेलांवर अनुस्वाराचा बिंदू मात्रेला चिकटतो, 'द्ध' आणि 'द्व' यांसारखी जोडाक्षरे ओळखण्यास कठीण जातात. मराठी मजकुराचे दीर्घ वाचन, मुद्रितशोधन किंवा अक्षरजुळणी करणाऱ्यांना त्यामुळे पिक्सेलांची दाटी रीफ्रेश दराहून अधिक उपयोगी पडते.

रिझोल्यूशन वाढले की ग्राफिक्स कार्डावरचा भार वाढतो. १९२०×१०८० मध्ये सुमारे २०.७ लाख, २५६०×१४४० मध्ये ३६.९ लाख आणि ३८४०×२१६० मध्ये ८२.९ लाख पिक्सेल असतात. म्हणजे शेवटचा पडदा पहिल्याच्या चौपट काम मागतो. कार्ड अपुरे पडल्यास खेळ कमी रिझोल्यूशनवर चालवावा लागतो. ३८४०×२१६० च्या पडद्यावर १९२०×१०८० चा एक पिक्सेल बरोबर चार पिक्सेलांत बसू शकतो. २५६०×१४४० च्या पडद्यावर मात्र भागाकार पूर्णांकात येत नाही व चित्र काहीसे पुसट होते.

काही मॉनिटर वक्र असतात. '१८००आर' या खुणेचा अर्थ वक्रतेची त्रिज्या १८०० मिलिमीटर आहे असा होतो. आकडा लहान तेवढा बाक अधिक. रुंद पडद्यांवर बाकामुळे कडा डोळ्यांपासून फार दूर जात नाहीत. २४ किंवा २७ इंची पडद्यावर हा लाभ अल्प असतो, आणि रेखांकनासारख्या कामात सरळ रेषा वाकल्यासारख्या भासू शकतात.

== रीफ्रेश दर ==

रीफ्रेश दर हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झवर ६.९, २४० हर्ट्झवर ४.२ आणि ३६० हर्ट्झवर २.८ मिलिसेकंद टिकते. यावरून लाभ उत्तरोत्तर कसा घटतो हे स्पष्ट होते. ६० वरून १४४ हर्ट्झकडे जाताना सुमारे ९.७ मिलिसेकंदांची बचत होते, १४४ वरून २४० कडे जाताना २.८ आणि २४० वरून ३६० कडे जाताना केवळ १.४ मिलिसेकंदांची.

एलसीडी व ओएलईडी पडदे पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे चित्र स्थिर धरून ठेवतात. डोळा मात्र हलत्या वस्तूमागे सलग फिरत असतो, त्यामुळे स्थिर धरलेले चित्र दृष्टिपटलावर फरफटते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने सरकणारी वस्तू ६० हर्ट्झवर सुमारे १६ पिक्सेल रुंदीने पुसट होते. २४० हर्ट्झवर ही पुसटता ४ पिक्सेलांवर येते. पिक्सेल कितीही तत्परतेने बदलले तरी ही पुसटता उरते. ती कमी करण्यासाठी रीफ्रेश दर वाढवणे किंवा प्रत्येक चित्रानंतर मागचा दिवा क्षणभर विझवणे हे दोन उपाय आहेत. दुसऱ्या उपायाने तेज घटते व लुकलुक होते.

उच्च दराचा लाभ खेळापुरता मर्यादित नाही. पान सरकवताना अक्षरे अधिक काळ वाचता येतात व माउसचा बाण सुरळीत हलतो. मात्र १०० ते १२० हर्ट्झनंतर कार्यालयीन कामातील फरक अल्प राहतो.

मॉनिटर जोडल्यावर कार्यप्रणाली आपोआप सर्वोच्च दर निवडतेच असे नाही. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत मांडणीत जाऊन दर हाताने निवडावा लागू शकतो. तो न निवडल्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० हर्ट्झवरच चालत राहण्याचे प्रकार घडतात.

== प्रतिसाद काळ व इनपुट विलंब ==

पिक्सेलला एका राखाडी छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यास लागणारा वेळ म्हणजे प्रतिसाद काळ. वेष्टनावरील '१ मिलिसेकंद' हा आकडा पुष्कळदा सर्वांत अनुकूल बदलाचा असतो. सर्व छटांची सरासरी त्याहून जास्त भरते. काही वेळा तो आकडा पिक्सेलच्या बदलाचा नसून दिवा विझवण्याच्या पद्धतीने मिळालेल्या चित्राच्या दृश्य कालावधीचा असतो. या दोन मापांची परस्परांशी तुलना होत नाही.

बदल जलद व्हावा म्हणून पिक्सेलला गरजेपेक्षा अधिक दाब देतात. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. मॉनिटरच्या मांडणीत त्याचे दोन-तीन टप्पे असतात. सर्वोच्च टप्प्यावर पिक्सेल अपेक्षित छटेच्या पुढे जाऊन परततो आणि हलत्या वस्तूमागे उजळ कडा दिसते. म्हणून मधला टप्पा बहुधा अधिक योग्य ठरतो.

इनपुट विलंब ही निराळी गोष्ट आहे. संकेत मॉनिटरमध्ये पोहोचल्यापासून पडद्यावर चित्र उमटण्यास लागणारा तो वेळ होय. चित्रावर अंतर्गत प्रक्रिया करणाऱ्या दूरचित्रवाणी संचांत तो मोठा असतो, म्हणूनच त्यांत 'गेम मोड' दिलेला असतो. चांगल्या गेमिंग मॉनिटरमध्ये तो काही मिलिसेकंदांपुरता मर्यादित असतो.

== परिवर्ती रीफ्रेश दर ==

ग्राफिक्स कार्ड प्रत्येक चित्र समान वेळात तयार करू शकत नाही. मॉनिटर ठरावीक दराने चालत असल्यास कार्डाचे अर्धे नवे व अर्धे जुने चित्र एकाच वेळी पडद्यावर येते आणि मध्ये आडवी फट दिसते. व्ही-सिंक या जुन्या उपायात कार्डाला मॉनिटरसाठी थांबावे लागते. फट जाते, पण विलंब वाढतो.

एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर केलेल्या 'जी-सिंक' तंत्राने क्रम उलटवला व मॉनिटर कार्डासाठी थांबू लागला. त्यासाठी मॉनिटरमध्ये विशेष भाग बसवावा लागे व किंमत वाढे. व्हिडिओ उपकरणांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संघटनेने २०१४ मध्ये 'अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक' डिस्प्लेपोर्टच्या मानकात समाविष्ट केले, आणि त्यावर आधारित एएमडीच्या 'फ्रीसिंक'चे मॉनिटर २०१५ मध्ये आले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही अशा मॉनिटरांशी जुळू लागली, त्यामुळे कार्डाच्या कंपनीनुसार मॉनिटर निवडण्याची गरज बरीच कमी झाली.

हे तंत्र किती उपयोगी ठरेल हे त्याच्या पल्ल्यावर अवलंबून असते. ४८ ते १४४ हर्ट्झ पल्ला असलेल्या मॉनिटरवर खेळ सेकंदाला ४० चित्रांपर्यंत उतरला तरी प्रत्येक चित्र दोनदा दाखवून समक्रमण टिकवता येते. ४८ ते ७५ हर्ट्झ एवढ्या अरुंद पल्ल्यात ही सोय नीट साधत नाही. याच तंत्रामुळे काही व्हीए व ओएलईडी पडद्यांवर गडद दृश्यांत तेजाची लुकलुक दिसते.

== तेज, रंग व एचडीआर ==

तेज निट या एककात मोजतात. घरात साधारण प्रकाशात २५० ते ३५० निट पुरेसे असतात. खिडकीसमोर ठेवलेल्या पडद्याला अधिक लागतात. दैनंदिन कामासाठी एसआरजीबी हा १९९६ पासून प्रचलित असलेला रंगपल्ला पूर्णपणे दाखवता येणे आवश्यक असते. डीसीआय-पी३ सारखा विस्तृत पल्ला खेळ व चित्रपटांत उठावदार दिसतो. मात्र मॉनिटरमध्ये एसआरजीबीची वेगळी मांडणी नसल्यास साधी संकेतस्थळे व छायाचित्रे भडक दिसू लागतात.

एचडीआर म्हणजे अधिक तेजस्वी व अधिक गडद छटा एकाच चित्रात दाखवण्याची पद्धत. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये 'डिस्प्ले-एचडीआर' ही श्रेणी सुरू केली. तिची ४०० ही पायरी ४०० निट शिखर तेज मागते, पण मागचा दिवा विभागवार मंद करण्याची सक्ती करत नाही. म्हणून या पायरीवरील पुष्कळसे एलसीडी एचडीआर संकेत स्वीकारतात, तरी चित्रात नजरेत भरण्याजोगा फरक पाडत नाहीत. ६०० व १००० या पायऱ्या किंवा ओएलईडीसाठी असलेली 'ट्रू ब्लॅक' ही श्रेणी अधिक अर्थपूर्ण आहे.

== जोडणी ==

मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड व केबल या तिन्हींपैकी सर्वांत दुर्बळ घटक प्रत्यक्ष दर ठरवतो. एचडीएमआय २.० मधून ३८४०×२१६० हे रिझोल्यूशन ६० हर्ट्झवर, तर २५६०×१४४० हे १४४ हर्ट्झवर चालते. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय २.१ ची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत आहे; मात्र या मानकातील बहुतेक सोयी ऐच्छिक असल्याने '२.१' असे लिहिलेल्या प्रत्येक मॉनिटरमध्ये ही पूर्ण क्षमता असेलच असे नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ ची क्षमता सेकंदाला ३२.४ गिगाबिट आहे आणि चित्रसंकोचाच्या साहाय्याने ते ३८४०×२१६० वर १४४ हर्ट्झ व त्याहून अधिक दर पेलते.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स या कन्सोलांना १२० हर्ट्झपर्यंतच चित्र देता येते. केवळ कन्सोलसाठी २४० हर्ट्झचा मॉनिटर घेतल्यास अधिकची क्षमता वापराविना राहते.

लॅपटॉप वापरणाऱ्यांना चित्र, माहिती व वीज एकाच तारेतून नेणारे यूएसबी-सी द्वार सोयीचे ठरते. अनेक गेमिंग मॉनिटरांत ते नसते.

== डोळे व बैठक ==

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. पडद्यामुळे होणाऱ्या त्रासाचे हे एक मुख्य कारण असून कोणताही मॉनिटर त्यावर पूर्ण उपाय नाही. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नसल्याचे अमेरिकेच्या नेत्रविकारतज्ज्ञ अकादमीचे मत आहे. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांमुळे डोळ्यांचा शीण निदान अल्पकाळात कमी होत नसावा, असा निष्कर्ष २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात निघाला.

मागचा दिवा वेगाने चालू-बंद करून तेज कमी करणाऱ्या मॉनिटरांमुळे काही जणांना डोकेदुखी होते. 'फ्लिकर-फ्री' मॉनिटरांत ही पद्धत टाळलेली असते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. त्यासाठी उंची बदलणारा स्टँड लागतो. स्वस्त मॉनिटरांचे स्टँड बहुधा केवळ पुढे-मागे कलतात. मागच्या बाजूस ७५×७५ किंवा १००×१०० मिलिमीटर अंतरावर स्क्रूंची चार भोके असल्यास स्वतंत्र हात बसवून ही उणीव भरून काढता येते.

== दोष व आयुर्मान ==

लाखो पिक्सेलांपैकी एखादा कायमचा बंद किंवा कायमचा उजळ राहू शकतो. आयएसओ ९२४१-३०७ हे मानक अशा दोषांचे वर्ग ठरवते, आणि अनेक उत्पादक काही दोषपूर्ण पिक्सेल असलेला पडदा हमीनुसार सदोष मानत नाहीत. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा रंग क्रमाने पडद्यावर आणल्यास असे पिक्सेल ओळखता येतात. अंधाऱ्या खोलीत काळा पडदा पाहिल्यास कडांतून झिरपणारा प्रकाश दिसतो. ही तपासणी वस्तू परत करण्याच्या मुदतीत करणे हिताचे असते.

ओएलईडी पडद्यावर कार्यपट्टी, खेळातील नकाशा किंवा वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह यांचा ठसा उमटण्याचा धोका वापराच्या तासांबरोबर वाढतो. कार्यपट्टी लपवणे, तेज मध्यम ठेवणे व मॉनिटरची स्वयं-देखभाल प्रक्रिया पूर्ण होऊ देणे यांनी तो कमी होतो. काही उत्पादक यासाठी तीन वर्षांची हमी देतात. हमीपत्रात ठशाचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही हे महत्त्वाचे असते.

== भारतातील नियम ==

भारतात विकल्या जाणाऱ्या मॉनिटरांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते व तिचे चिन्ह वस्तूवर असते. परदेशातून स्वतः आणलेल्या मॉनिटरला भारतात हमी मिळेलच असे नाही. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याहून मोठ्या मॉनिटरवरील २८ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. जुन्या मॉनिटरची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या इ-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते. जुन्या सीआरटीच्या काचेत शिसे व अनेक जुन्या एलसीडींच्या दिव्यांत पारा असल्याने ते नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे देणे आवश्यक ठरते.

== निवडीचा क्रम ==

मॉनिटरची निवड सामान्यतः पुढील क्रमाने केल्यास विनाकारण खर्च टळतो.

# '''वापराचे तास:''' पडद्यावरचा अधिक वेळ खेळात जातो की वाचन-लेखनात, हे प्रथम ठरवले जाते. दिवसाचे आठ तास मजकूर व एक तास खेळ असल्यास मजकुराच्या गरजेला प्राधान्य मिळते.
# '''ग्राफिक्स कार्डाची क्षमता:''' नेहमीच्या खेळांत कार्ड सेकंदाला किती चित्रे देते त्यावरून रिझोल्यूशन व रीफ्रेश दराची मर्यादा ठरते.
# '''आकार व अंतर:''' मेजाची खोली व बसण्याचे अंतर यांवरून कर्ण आणि पिक्सेलांची दाटी ठरते.
# '''पॅनेल:''' खोलीतील प्रकाश, गडद दृश्यांची आवड व स्थिर चित्रांचे प्रमाण यांवरून पॅनेलचा प्रकार निवडला जातो.
# '''जोडणी, स्टँड व हमी:''' उरलेल्या पर्यायांत हे निकष लावले जातात.

स्पर्धात्मक खेळांसाठी २४ ते २५ इंची, १९२०×१०८० चे, २४० हर्ट्झ किंवा अधिक दराचे मॉनिटर प्रचलित आहेत. मिश्र वापरासाठी २७ इंची, २५६०×१४४० चा, १४४ ते १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर मध्यम मार्ग मानला जातो, कारण त्यात मजकूर पुरेसा रेखीव राहतो व कार्डावरचा भारही आवाक्यात असतो. अंधाऱ्या खोलीत प्रामुख्याने खेळ व चित्रपट पाहणाऱ्यांना व्हीए किंवा ओएलईडी, तर मुख्यतः लेखन व अक्षरजुळणी करून क्वचित खेळणाऱ्यांना ३८४०×२१६० चा आयपीएस अनुकूल ठरतो. कमी खर्चात २४ इंची १९२०×१०८० चा, १०० ते १६५ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर साधारण विद्यार्थ्याच्या दोन्ही गरजा भागवतो.

== हे सुद्धा पहा ==

* संगणक
* द्रवस्फटिक दर्शक
* कॅथोड किरण नलिका
* ग्राफिक्स कार्ड
* व्हिडिओ गेम
* देवनागरी